परसातलं लिंबू पिवळं पडलं, तर आधी बुंधा पाहा

परसातलं लिंबू पिवळं पडू लागलं की घरातलं कुणीतरी पानाचा फोटो काढतं आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. संध्याकाळपर्यंत ढीगभर उपाय गोळा होतात: ताक घाला, राख घाला, एप्सम सॉल्ट घाला, अंड्याची टरफलं पुरा, रोज पाणी द्या, अमुक औषध फवारा. बुंध्याचा फोटो मात्र कुणी काढत नाही. घरच्या लिंबाचं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं, जमिनीच्या वीतभर वर किंवा वीतभर खाली.

इथे मी कागदी लिंबाबद्दलच बोलणार आहे, कारण आपल्या अंगणांत, बंगल्यांच्या मागच्या कोपऱ्यात आणि सोसायट्यांच्या कुंपणाशी तेच जास्त असतं. मोसंबी, संत्रं, ईडलिंबू लावलं असेल तरी तपासायचा क्रम हाच: आधी बुंधा, मग माती आणि पाणी, मग फांद्या, सगळ्यात शेवटी पानं. आपण नेमकं उलटं करतो. पान पाहून बाटली आणतो आणि मुळं कुजतच राहतात.

खुरपं घेऊन बुंध्याशी बसा. खोडाला टेकलेली माती हलक्या हाताने बाजूला करा. पहिली आडवी मुळं जिथून फुटतात ती जागा दिसायला हवी. पुष्कळ घरी ती दिसतच नाही. दर वर्षी घातलेलं शेणखत, झाडून लोटलेला पाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा असं सगळं खोडाभोवती साचून साल कायम ओली राहते. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना कंत्राटदार अगदी खोडापर्यंत फरशी आणतात, त्याने तर मुळांचा श्वासच कोंडतो. कलमी झाड असेल तर डोळा भरलेली गाठ जमिनीपासून निदान वीतभर वर हवी. ती मातीत गेली असेल तर माती उकरून मोकळी करा. एवढं एक काम केलं तरी काही झाडं पुढच्या पावसाळ्यापर्यंत सावरतात.

आता साल नीट पाहा. ती काळपट, ओलसर आहे का? अंगठ्याने दाबली तर मऊ लागते का? चिरेतून तपकिरी डिंक ओघळलाय का? असेल तर हा डिंक्या. विदर्भातले संत्रा बागायतदार त्याला चांगलेच ओळखून आहेत. फायटोफ्थोरा नावाची जमिनीतली बुरशी हे करते. तिचे बीजाणू चक्क पोहतात, साचलेल्या पाण्यातून मुळांपर्यंत आणि खोडापर्यंत पोचतात. म्हणून ज्या झाडाच्या बुंध्याशी रोज पाइप सोडलेला असतो, त्याला हा रोग आधी गाठतो. साल कुजली की पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांपर्यंत उतरत नाही. पानाची मधली शीर पिवळी पडते आणि पातं काही काळ हिरवंच राहतं. ही खूण लक्षात ठेवा. आणखी एक फसवी खूण म्हणजे मरणपंथाला लागलेलं झाड एखाद्या हंगामात भरभरून फुलतं. घरातले खूश होतात, आणि पुढच्या वर्षी फांद्या वाळायला लागतात.

डिंक्याचा इलाज फवाऱ्याने होत नाही, चाकूने होतो. धारदार चाकूने कुजलेली साल खरवडा, अगदी निरोगी हिरवट-पांढरी साल लागेपर्यंत. खरवडलेले तुकडे तिथेच टाकू नका, गोळा करून जाळा. एक-दोन दिवस जखम वाळू द्या आणि मग बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी. मोरचूद अर्ध्या पाण्यात आणि चुना उरलेल्या अर्ध्या पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा. चुना विरला आणि थंड झाला की दोन्ही एकत्र ढवळा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं अजिबात वापरू नका. पेस्ट नीट झाली का हे पाहायला त्यात लोखंडी खिळा किंवा चाकूचं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त झालंय, थोडा चुना घाला. जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत खोडाला ब्रशने लावा. पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा. तयार केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा, उद्यावर ठेवली की तिचा जोर जातो. हातमोजे घाला. मोरचूद पोटात गेलं तर विषारी आहे, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं दूर ठेवा.

या मिश्रणाची जन्मकथा गमतीची आहे. फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळच्या मेदोक भागात द्राक्षमळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं निळं पाणी शिंपडत, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही. १८८५मध्ये त्याने या मिश्रणाचं शास्त्र मांडलं. चोरांना घाबरवायला निघालेलं औषध आजही आपल्या लिंबाच्या बुंध्याला कामाला येतं.

बुंधा साफ असेल तर पाण्याकडे वळा. माझं मत विचाराल तर परसातली लिंबं तहानेने क्वचित मरतात, अति पाण्याने मात्र पुष्कळ मरतात. धुण्याभांड्याचं पाणी, पंपाची गळती, गवतासाठी रोज चालणारा फवारा, या सगळ्यांचं पाणी लिंबाला जातं. लिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं उथळ असतात, बरीचशी वरच्या दीड-दोन फुटांत. काळ्या मातीत ती पाण्यात बुडून राहिली तर कुजतात. मग झाडाभोवती ओल असूनही पानं दुपारी कोमेजलेली दिसतात, आणि कोमेजली म्हणून घरचे आणखी पाणी घालतात.

तपासणं सोपं आहे. फांद्यांच्या घेराखाली चार-पाच इंच खोलीवरची मूठभर माती घ्या आणि दाबा. चिकट गोळा झाला तर पाणी नको. गोळा होऊन बोटाने दाबल्यावर भुगा झाला तर एक-दोन दिवसांत द्या. गोळाच होत नसेल तर आज द्या. निचरा पाहायचा तर झाडापासून थोडं दूर फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी दिसलं तर दोष जमिनीचा आहे, झाडाचा नाही. पावसाळ्याआधी उताराच्या बाजूला चर काढून पाण्याला वाट करून द्या.

आळं कसं असावं याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. खोडाला टेकून वाटीसारखं आळं करणं चूक. खोडाभोवती फूट-दीड फूट अंतरावर मातीचा गोल उंचवटा करा, म्हणजे पाणी खोडाला भिडणार नाही. त्याच्या बाहेर, फांद्यांच्या टोकांपर्यंत, पाण्याचं दुसरं रिंगण. बागायतदार याला डबल रिंग म्हणतात. खत आणि पाणी दोन्ही या बाहेरच्या रिंगणात, कारण अन्न घेणारी मुळं तिथे असतात. वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण खोडापासून वीतभर लांब. आणि कुदळीने खोल खणू नका, वरवर खुरपणं पुरे.

आता फांद्या. शेंड्याकडून वाळत येणारी फांदी दिसली की नखाने साल खरवडून पाहा. खाली हिरवं असेल तर फांदी जिवंत, तपकिरी असेल तर मेलेली. जिथे हिरवं लागतं त्याच्या दोन बोटं खालपर्यंत कापा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. विदर्भात याला सल काढणं म्हणतात. फळं उतरल्यावर किंवा मे अखेरीला, पाऊस यायच्या आत हे उरकावं. कात्री प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसा. बुंध्याजवळून आणि मोठ्या फांद्यांतून सरळ वर जाणारे, लांब काट्यांचे, फळ न धरणारे पानसोट दिसतात, तेही काढून टाका. कलमी झाडाला गाठीच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचा असतो, जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा. तो वाढू दिला तर हळूहळू मूळ कलम मागे पडतं आणि एक दिवस झाडाला जाड, खडबडीत सालीची भलतीच फळं येतात. लोक म्हणतात, झाडाची जात बदलली. जात नाही बदलत, खुंटाने झाड ताब्यात घेतलेलं असतं. यापलीकडे लिंबाला फारशी छाटणी लागत नाही. गुलाबासारखं दर वर्षी छाटाल तर फळांना मुकाल.

फांदीच्या बेचक्यात भुशासारखी, जाळ्यात गुंफलेली तपकिरी पट्टी दिसली तर ती साल खाणारी अळी. दिवसा ती खोडातल्या भोकात लपते आणि रात्री बाहेर येऊन साल खाते. जाळी खरवडून काढा, भोकात तार घालून अळी मारा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून वरून चिखलाने भोक बंद करा. दुर्लक्ष झालेल्या जुन्या झाडांवर ही हमखास सापडते.

आता कुठे पानांकडे यायचं. पिवळेपणा नव्या पानांत आहे की जुन्या, हा पहिला प्रश्न. एकटंदुकटं जुनं पान पिवळं होऊन गळत असेल तर काळजी करू नका, त्याचं आयुष्य संपलेलं असतं. खालची बरीच जुनी पानं सरसकट फिकी पडली तर नत्र कमी. जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरून बाकीचं पान पिवळं झालं तर मॅग्नेशियम कमी, आणि फक्त याच वेळी त्या एप्सम सॉल्टचा उपयोग. नवी पानं फिकट आणि त्यांत हिरव्या शिरांची बारीक जाळी दिसत असेल तर लोह कमी. नवी पानं अरुंद, लहान, शिरांच्या मधे पिवळी आणि शेंड्याला गुच्छासारखी जवळजवळ आलेली असतील तर जस्त कमी.

शहरी परसात लोह आणि जस्ताची तक्रार फार दिसते. मातीत ही द्रव्यं नसतातच असं नाही. बांधकामाचा चुना-सिमेंटचा राडारोडा कुंपणाजवळच पुरलेला असतो, वरून बोअरचं जड पाणी. माती विम्ल झाली की मातीत असलेलं लोहही मुळांना उचलता येत नाही. अशा मातीत चुलीची राख किंवा अंड्याची टरफलं घालणं म्हणजे दुखणं वाढवणं. जस्तासाठी नवी पालवी अर्धी वाढली की १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरवलेला चुना गाळून फवारा. चुना टाळू नका, नाहीतर कोवळी पानं करपतात. त्याबरोबर शेणखत आणि निंबोळी पेंड बाहेरच्या रिंगणात मिसळत राहा, जमीन हळूहळू सुधारते. मुळं कुजत असताना मात्र हे काहीही करून उपयोग नाही. कुजलेली मुळं लोह उचलू शकत नाहीत आणि पानं हुबेहूब अशीच फिकी पडतात. म्हणूनच बुंधा आणि पाणी आधी, पानं नंतर.

पानांवर उंचवट्यासारखे, खरखरीत तपकिरी फोड आणि त्यांभोवती पिवळं वलय असेल तर तो खैऱ्या. हा जिवाणूंचा रोग आहे आणि कागदी लिंबू त्याला फारच लवकर बळी पडतं. पावसाचे थेंब आणि वारा त्याला पानावरून पानावर नेतात. फळावर डाग पडले तरी रस बिघडत नाही, लिंबू खुशाल खा. मे अखेरीला डागाळलेल्या काड्या कापून जाळा, कंपोस्टात टाकू नका. मग १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना आणि १० लिटर पाणी असं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण झाडभर फवारा आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा महिन्या-दीड महिन्याने पुन्हा. जुन्या पुस्तिकांत यासाठी स्ट्रेप्टोसायक्लिन सुचवलेलं आढळतं. ते अँटिबायोटिक आहे. परसातल्या एका झाडासाठी, जिथे मुलं खेळतात आणि शेजारी कोथिंबीर वाढते, तिथे मी ते फवारणार नाही आणि तुम्हालाही सुचवणार नाही.

खैऱ्याला दार उघडून देते ती नागअळी. कोवळ्या पानावर चंदेरी, नागमोडी रेघा आणि पान आकसलेलं. त्या जखमांतून खैऱ्याचे जिवाणू आत शिरतात. ही अळी फक्त कोवळ्या पालवीवर येते, जून पानांवर फवारणी वाया जाते. नवी पालवी फुटताना पाच टक्के निंबोळी अर्क फवारा: अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी गाळून १० लिटर करायचं, चमचाभर साबण घालायचा. फवारणी उन्हं कलल्यावर. वाकडी झालेली जुनी पानं तोडू नका. रूप गेलं तरी ती झाडाचं पोट भरतच असतात.

रोपावरची पानं एका रात्रीत कुरतडलेली दिसली तर पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी किंवा मोठी झालेली हिरवी अळी शोधा. डिवचली की ती डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी, कढीपत्त्यावरही येते. मोठं झाड तिला सहज सोसतं. लहान रोपावरून हाताने वेचा, औषध नको.

खरी भीती बाळगावी ती सायला या पिटुकल्या किडीची. कोवळ्या शेंड्यांवर तिची पिल्लं बसतात, पांढरे मेणचट धागे सोडतात, खालची पानं चिकट होतात, मुंग्यांची ये-जा सुरू होते. रस शोषते हे एक झालं, पण ती ग्रीनिंग नावाचा रोगही पसरवते आणि त्याला औषध नाही. ग्रीनिंग ओळखायची साधी रीत आहे. पान मधल्या शिरेवर दुमडून उजेडात धरा. कमतरतेचा पिवळेपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो. ग्रीनिंगचे पिवळे पट्टे वेडेवाकडे असतात, दोन बाजू जुळत नाहीत. फळंही एका बाजूला झुकलेली, लहान राहतात. सोसायट्यांत शोभेसाठी लावलेली कामिनी, म्हणजे कुंती, आणि घरचा कढीपत्ता या दोन्हींवर सायला मजेत राहते. लिंबाला सायला लागली असेल तर या दोन झाडांचे कोवळे शेंडेही तपासा. पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क दर पालवीला दिला तर ती आटोक्यात राहते.

झाड हिरवंगार आहे पण फळच नाही, ही तक्रार दुखण्याची नाही. बियांपासून केलेलं लिंबू चार-पाच वर्षं फळ धरत नाही. सावलीत असेल तर कधीच नीट धरणार नाही, त्याला दिवसाचं निदान सहा तास ऊन हवं. वारंवार युरिया आणि रोज पाणी मिळालं तर झाड पानांतच रमतं. फुलायला त्याला ताण लागतो. डिसेंबरात पाणी तोडून हलक्या जमिनीत दोन-तीन आठवडे आणि भारी काळ्या जमिनीत चार ते सहा आठवडे थांबा, पानं जरा मलूल झाली की खत घालून आधी हलकं आणि मग भरपूर पाणी द्या. जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा येतो, त्याला आंबे बहार म्हणतात. आजारी झाडाला मात्र ताण देऊ नका, आणि सावरेपर्यंत त्याची फळंही लहान असतानाच काढून टाका.

कधी थांबायचं हेही ठरवावं लागतं. बुंध्याची अर्ध्याहून जास्त साल गोलाकार मेली असेल, किंवा ग्रीनिंगची खात्री पटली असेल, तर झाड मुळासकट काढा. ग्रीनिंगचं झाड ठेवलं तर शेजारच्यांच्या झाडांनाही धोका. खात्री नसेल तर नवी-जुनी पानं, एक-दोन आजारी फांद्या आणि मातीचा नमुना घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, विदर्भातल्या वाचकांना ती अधिक सोयीची. दुकानदाराला विचारण्याआधी तिथे विचारा.

नवं रोप जुन्याच खड्ड्यात लावू नका. चार-सहा फूट बाजूला, उंचवट्यावर, जून-जुलैत लावा आणि शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून घाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात खैऱ्याला काहीशी सहनशील आहे. रोप विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच घ्या, रस्त्याकडेच्या टेम्पोतून नको. आणि दोन-तीन वर्षांनी फळ येत नाही म्हणून कुणी खोडात लोखंडी खिळा ठोकायला सांगितलं, तर ऐकू नका. त्या खिळ्याने लोह मिळत नाही, बुरशीला शिरायला भोक मिळतं.